घरची खाट : घरी होणाऱ्या रुग्णसेवेचा थोडा इतिहास



काही दिवसांपूर्वी सोनगीरच्याच एका घरी मी व्हिजिटला गेलो होतो. आजींना पक्षाघात होऊन पाच आठवडे झाले होते. धुळ्याला दहा दिवस अॅडमिट होत्या. उजवी बाजू गेली होती, बोलणेही गेले होते, पण जीव वाचला होता. डिस्चार्जच्या आधी मुलाने मला फोन करून विचारले होते, "साहेब, मायले घर लई जाऊ का?" मी हो म्हणालो होतो.

घरी गेलो तेव्हा आजींच्या कमरेखाली माकडहाडावर तळहाताएवढी जखम झाली होती. त्यालाच आपण बेडसोअर म्हणतो. सून बाजूला उभी होती. ती म्हणाली, "डॉक्टरसाहेब, मी रोज अंग पुसते, पावडर लावते, वेळेवर गोळ्या देते. आणखी काय करायचं असतं, ते मला कोणी सांगितलंच नाही."

मी फाइल उघडली. डिस्चार्ज कार्डावर गोळ्यांची यादी होती आणि शेवटी एक ओळ होती : "घरी काळजी घ्यावी." ते कार्ड दुसऱ्या रुग्णालयाचे होते, पण हीच ओळ मी स्वतःही शेकडो कार्डांवर लिहिली आहे. घरी घेऊन जायला हो म्हणणारा मीच होतो. कुशी कशी बदलायची हे त्या सुनेला पाच मिनिटे दाखवायला मात्र मी गेलो नव्हतो.

त्या रात्री विचार करत बसलो. "घरी काळजी घ्या" असे आपण डॉक्टर केव्हापासून सांगू लागलो? घरी काळजी घेणाऱ्या माणसाच्या हातात त्या त्या काळात आपण नेमके काय दिले? आजचा लेख त्याबद्दल आहे. थोडा इतिहासाचा आहे, पण तुमच्या घरातल्या खाटेशी त्याचा थेट संबंध आहे.

आधी सगळेच घरी होते

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी बाळंतपण घरी, ताप घरी आणि मरणही घरीच होई. रुग्णालयात जायचे ते ज्याला कोणी नाही त्याने, असा समज फक्त आपल्याकडेच नव्हता, युरोपातही होता. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे नाव आपण सैनिकांच्या रुग्णालयाशी जोडतो. पण त्यांनी १८५९ साली शुश्रूषेवर जे छोटे पुस्तक लिहिले, ते प्रामुख्याने घरात कोणाची तरी काळजी घेणाऱ्या सामान्य बायकांसाठी होते. खोलीत हवा खेळती ठेवा, रुग्णाच्या उशाशी कुजबुजू नका, अशा साध्या गोष्टी त्यात आहेत.

त्याच वर्षी इंग्लंडमधल्या लिव्हरपूल शहरात विल्यम रॅथबोन नावाच्या व्यापाऱ्याने मेरी रॉबिन्सन या नर्सला गरिबांच्या घरी जाऊन शुश्रूषा करण्यासाठी नेमले. याच नर्सने त्याच्या पत्नीची अखेरच्या आजारात सेवा केली होती. आपल्याला पैशामुळे घरी नर्स मिळाली, गरिबाला कोण देणार, हा प्रश्न त्याला पडला होता. घरोघरी जाणाऱ्या नर्सची पद्धत तिथून रुजली.

म्हणजे ही गोष्ट जगाला तेव्हाच कळली होती. घरी सेवा करणाऱ्याला दोन गोष्टी लागतात : कोणीतरी शिकवणारे आणि कोणीतरी येऊन पाहणारे.

प्लेग : घरातून ओढून नेलेले रुग्ण

आपल्याकडे मात्र सरकार आणि घरातला रुग्ण यांची पहिली मोठी गाठ पडली ती फार वाईट रीतीने. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला. पुण्यात प्लेग कमिशनर वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या हाताखाली गोरे सैनिक घरोघर शिरून रुग्ण शोधू लागले. रुग्ण सापडला की त्याला प्लेगच्या रुग्णालयात न्यायचे, घरच्यांना विलगीकरणाच्या छावणीत ठेवायचे आणि सामान बाहेर काढायचे किंवा जाळायचे.

परिणाम काय झाला? लोक रुग्ण लपवू लागले. अंगात ताप फणफणत असलेल्या माणसाला कोठीत किंवा माळ्यावर दडवून ठेवले जाऊ लागले. जवळच्या माणसाला परक्यांच्या हाती देण्यापेक्षा तो घरी गेला तरी चालेल, असे लोकांना वाटले. २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या, हे आपण शाळेत शिकलो. त्यामागच्या संतापात घराच्या उंबरठ्याचा प्रश्न होता, हे मात्र फारसे शिकवले जात नाही.

त्याच वर्षी, त्याच पुण्याजवळ आणखी एक गोष्ट घडली. सावित्रीबाई फुले यांचे चिरंजीव डॉ. यशवंत यांनी हडपसरच्या बाजूला सासणे यांच्या माळावर प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना सुरू केला. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन तिथे पोहोचवले, असे त्यांच्या चरित्रांत सांगितलेले आहे. सेवा करतानाच त्यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या.

दोन्हीकडे रुग्णाला घरातून दवाखान्यातच नेले जात होते. फरक होता तो कोण नेते आणि कसे नेते यात. गाव सोडून शेतात झोपड्या बांधून राहिल्याच्या प्लेगच्या आठवणी आपल्याकडच्या जुन्या घरांत अजून सांगितल्या जातात. त्या ऐकताना एक जाणवते, लोकांना रोगाइतकीच सरकारी माणसांची भीती वाटत होती. घरच्यांना विश्वासात घेतले नाही तर चांगला उपायही वाया जातो, हा धडा तेव्हाचा आहे.

क्षयरोग : सॅनेटोरियमची खाट की चाळीतली खाट?

आता पुढे येऊ. क्षयरोगाला, म्हणजे टीबीला, पूर्वी औषधच नव्हते. मोकळी हवा, विश्रांती आणि दूध-अंडी हाच इलाज होता. त्यासाठी पाचगणी, मिरजेजवळची वानलेसवाडी अशा ठिकाणी सॅनेटोरियम उभी राहिली. तिथे महिनोन् महिने राहायचे. ज्याला परवडेल त्याने. घरातला कमावता माणूस वर्षभर खाटेवर पडला तर चूल कशी पेटणार, याचे उत्तर त्या इलाजात नव्हते.

१९४३ साली स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला, पाठोपाठ पास हे औषध आले आणि १९५२ साली आयसोनियाझिड आले. औषधे आली, पण खाटा कुठे होत्या? देशात क्षयाचे रुग्ण लाखोंनी होते आणि सॅनेटोरियमच्या खाटा अगदीच थोड्या.

तेव्हा १९५६ साली मद्रासमध्ये, म्हणजे आजच्या चेन्नईत, एक केंद्र सुरू झाले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद यांनी मिळून ते उभारले होते. डॉ. वॉलेस फॉक्स त्यात प्रमुख होते. त्यांनी १९३ क्षयरुग्ण घेतले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट केले. एक गट वर्षभर सॅनेटोरियममध्ये राहिला. त्यांना चांगली खाट, चांगला आहार, नर्स आणि पूर्ण विश्रांती मिळाली. दुसरा गट आपल्या घरीच राहिला. ही घरे गरिबांची, दाटीवाटीची होती आणि खाणे जेमतेम होते. औषधे मात्र दोन्ही गटांना तीच होती.

निकाल १९५९ साली प्रसिद्ध झाला. वर्षअखेर घरच्या गटातल्या ८६ टक्के आणि सॅनेटोरियमच्या गटातल्या ९२ टक्के रुग्णांचा रोग शांत झालेला होता. विश्रांती आणि आहारात एवढी तफावत असूनही फरक इतकाच राहिला. मग शंका आली की घरच्यांना लागण झाली असेल. त्यासाठी दोन्ही गटांच्या कुटुंबांवर पाच वर्षे लक्ष ठेवले गेले. रुग्ण घरी राहिला म्हणून घरच्यांना जास्त प्रमाणात क्षय झाला, असे आढळले नाही. कारण लागण प्रामुख्याने निदानाच्या आधीच, रुग्ण औषधाविना खोकत असताना होते. औषध नियमित सुरू झाले की संसर्ग पसरवण्याची ताकद झपाट्याने कमी होते.

या एका अभ्यासाने जगाची पद्धत बदलली. भारताचा राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम १९६२ साली आला, तो घरी राहून उपचार घेण्याच्या पायावर. पुढे जगभरची सॅनेटोरियम हळूहळू बंद पडली.

पण मित्रांनो, या गोष्टीचा अर्धाच भाग लोकांना सांगितला जातो. मद्रासच्या त्या रुग्णांना "घरी जा, गोळ्या खा" एवढेच सांगून सोडलेले नव्हते. ते ठरलेल्या दिवशी केंद्रात येऊन औषध घेत. कर्मचारी न सांगता घरी येत, गोळ्या मोजत. औषध खरेच पोटात जाते आहे का, हे पाहायला लघवी तपासत. पास हे औषध भरपूर घ्यावे लागे, त्याने मळमळ होई, पोट बिघडे. दोन महिन्यांत बरे वाटू लागले की रुग्णाला वाटे, आता कशाला? अशा वेळी दारात कोणीतरी येऊन विचारणारे होते. नुसत्या घरी राहण्याने क्षय बरा झाला नाही. घरी येणाऱ्या माणसाचाही त्यात वाटा होता.

आजही माझ्याकडे औषध अर्धवट सोडलेले क्षयरुग्ण येतात, तेव्हा मी आधी एकच विचारतो : "घरी गोळी कोण देतं?" बहुतेक वेळा उत्तर येते, "माझं मीच घेतो." गडबड तिथेच झालेली असते.

गडचिरोली : गावातल्या बाईच्या हातात थर्मामीटर

तिसरी गोष्ट महाराष्ट्राची आहे आणि आपल्याला अभिमान वाटावा अशी आहे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांची 'सर्च' ही संस्था १९८० च्या दशकाच्या मध्यापासून गडचिरोलीत काम करते. तिथे नवजात बाळे मोठ्या संख्येने मरत होती. जन्म घरी, आजार घरी आणि मृत्यूही घरी. रुग्णालय दूर. शिवाय बाळंतीण आणि बाळ यांना पहिले काही दिवस अंधाऱ्या खोलीतून बाहेर काढायचे नाही, ही रीत होतीच. आपल्या खानदेशातही ती कालपरवापर्यंत होती.

त्यांनी १९९५-९६ मध्ये ७६३ नवजात बाळांचे घरोघरी जाऊन निरीक्षण केले. निम्म्याहून जास्त बाळांना कधी ना कधी उपचारांची गरज पडली होती. वैद्यकीय मदत घेतली गेली ती फक्त २.६ टक्के बाळांसाठी. बाकीच्यांसाठी घर हेच रुग्णालय होते आणि तिथे काळजी घेणाऱ्या आई-आजीला धोक्याची खूणच माहीत नव्हती.

मग ३९ गावांत, गावातल्याच थोड्या शिकलेल्या बायकांना प्रशिक्षण दिले. बाळाचे वजन करणे, तापमान पाहणे, मिनिटाला किती श्वास आहेत ते मोजणे, बाळ उबदार ठेवणे, न रडणाऱ्या बाळाला श्वास देणे, आणि जंतुसंसर्गाच्या खुणा दिसल्या तर ठरलेल्या पद्धतीने प्रतिजैविक देणे, त्यात जेंटामायसिनचे इंजेक्शनसुद्धा होते. तिने महिनाभर ठरलेल्या दिवशी घरी जायचे आणि आईला शिकवायचे.

१९९९ च्या डिसेंबरमध्ये 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात निकाल छापून आला. त्या गावांतला नवजात बालमृत्यूदर दर हजारी ६२ वरून तिसऱ्या वर्षी सुमारे २५ वर आला होता.

तेव्हा मी नुकताच एम.डी. होऊन आलो होतो. खरे सांगतो, माझा पहिला विचार होता, सातवी-आठवी शिकलेली बाई बाळाला इंजेक्शन देणार? आम्ही इतकी वर्षे कशासाठी शिकलो? असे वाटणारा मी एकटा नव्हतो. पण आकडे डोळ्यांसमोर होते. आम्ही शिकलेले लोक त्या बाळाच्या खाटेपर्यंत पोहोचतच नव्हतो, ती पोहोचत होती.

२०११ साली केंद्र सरकारने नवजात बाळाच्या घरच्या देखभालीचा हा कार्यक्रम 'आशा' कार्यकर्त्यांमार्फत देशभर सुरू केला. तुमच्या घरी बाळंतपणानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी आशाताई वजनकाटा घेऊन येते, त्याचे मूळ गडचिरोलीच्या त्या गावांत आहे. तिला दारातून परत पाठवू नका. बाळ दूध ओढत नसेल, रडणे क्षीण झाले असेल, अंग सैल किंवा गार पडले असेल, श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त असतील किंवा छाती आत ओढली जात असेल, तर "उद्या पाहू" म्हणायचे नाही. त्याच वेळी निघायचे.

कोविड आणि आजची खाट

२०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत आपण सगळेच घरी परतलो. खाटा संपल्या होत्या. एका रात्रीत प्रत्येक घरात कोणीतरी नर्स झाले. बोटाला ऑक्सिमीटर लावणे, ९४ च्या खाली आकडा गेला की फोन करणे, रुग्णाला पालथे झोपवणे, हे सोनगीरच्या तांबट घरांतल्या शाळकरी पोरांनाही जमले. कारण आम्ही ते शिकवले. फोनवर, व्हॉट्सअॅपवर, दिवसातून चारदा सांगितले. साधन दिले, धोक्याची खूण दिली आणि विचारायला माणूस दिला. इतिहासातल्या तिन्ही गोष्टी आपण तेव्हा नकळत केल्या.

साथ ओसरली आणि आपण पुन्हा "घरी काळजी घ्यावी" या एका ओळीवर आलो. आज अंथरुणाला खिळलेले रुग्ण कोणते? पक्षाघाताचे, कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्याचे, कंप आणि विस्मरणाचे, मांडीचे हाड मोडलेले वृद्ध. १९८६ साली मुंबईत शांती आवेदना सदन हे देशातले पहिले हॉस्पिस सुरू झाले. १९९३ पासून केरळमध्ये कालिकतच्या डॉक्टरांनी आणि स्वयंसेवकांनी घरोघरी जाऊन अशा रुग्णांचे दुखणे कमी करण्याचे मोठे काम उभे केले. आपल्या गावांत मात्र हे सगळे बहुतेक एकाच माणसावर असते. ती सून असते, मुलगी असते किंवा स्वतःच सत्तरीला आलेली बायको असते. तिला पगार नाही, सुट्टी नाही. आणि जखम झाली तर दोष तिलाच.

त्या सुनेला मी काय दाखवायला हवे होते

* दर दोन तासांनी कूस बदला. डावी कूस, पाठ, उजवी कूस. भिंतीवर कागद लावून वेळ लिहा. हवेची गादी असली तरी कूस बदलावीच लागते.
* माकडहाड, टाचा, घोटे, खुबे रोज उजेडात पाहा. लाल झालेली जागा दाबल्यावर पांढरी होत नसेल तर ती जखमेची सुरुवात आहे. ती जागा चोळू नका. तिच्यावरचा भार काढा आणि डॉक्टरांना कळवा.
* टाचा अधांतरी राहतील अशी उशी पोटऱ्यांखाली ठेवा. मधे भोक असलेली रबरी रिंग वापरू नका, तिने कडेचा रक्तपुरवठा दबतो.
* चादरीला सुरकुती नको, अंथरूण ओले नको. पावडर घामाने साचून कातडी बिघडवते.
* भरवताना रुग्णाला बसते करा आणि नंतर अर्धा तास तसेच ठेवा. पाणी पिताना ठसका लागत असेल तर जबरदस्तीने पाजू नका, आधी डॉक्टरांना दाखवा. अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो.
* लघवीची पिशवी नेहमी कमरेच्या पातळीखाली ठेवा.
* रुग्णाला उचलताना स्वतःची कंबर वाकवू नका, गुडघे वाकवा. शक्य तिथे दोघांनी मिळून उचला.

शेवटचा मुद्दा घरातल्या पुरुषांसाठी आहे. रोज किमान दोन तास खाटेजवळ तुम्ही बसा आणि तिला बाहेर जाऊ द्या, झोपू द्या. एकट्याने महिनोन् महिने सेवा करणारा माणूस स्वतः आजारी पडतो. झोप उडते, रक्तदाब वाढतो, चिडचिड होते आणि मग अपराधीपणा येतो. "मला कंटाळा आला" असे ती म्हणाली तर ते पाप नाही. ते एक लक्षण आहे, तापासारखे. त्यावरही उपाय करायचा असतो.

आणि डिस्चार्ज घेताना डॉक्टरांना तीन प्रश्न नक्की विचारा : घरी काय करायचे ते प्रत्यक्ष दाखवाल का? कोणती खूण दिसली की लगेच यायचे? मधल्या काळात कोणाला विचारायचे? उत्तर मिळेपर्यंत जागचे हलू नका. मी घाईत असलो तर मलाही सोडू नका.

त्या आजींची जखम अजून पूर्ण भरलेली नाही, पण आकाराने निम्मी झाली आहे. मी आठवड्यातून एकदा जातो. भिंतीवर वेळेचा कागद लागला आहे. रात्रीच्या दोन पाळ्यांच्या वेळी मुलगा उठतो. परवा सून म्हणाली, "साहेब, हे पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर?" माझ्याकडे उत्तर नव्हते. आता माझ्या टेबलावर वरच्या मुद्द्यांची छापील प्रत ठेवली आहे. अंथरुणावरचा रुग्ण घरी जाताना ती फाइलला जोडली जाते आणि निघण्यापूर्वी कूस बदलून दाखवली जाते.

निरोगी राहा, आणि घरात कोणाची सेवा करणारे कोणी असेल तर आज त्यांना एकदा विचारा : तुम्ही जेवलात का?

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. प्रत्येक रुग्णाची स्थिती वेगळी असते, म्हणून उपचाराचा निर्णय आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावा.)